रिले क्रमांक ७०

चक्कर येणारा रुग्ण ओपीडीत आला की माझी खरी परीक्षा सुरू होते. महिन्यातून दोनदा चक्कर येते, कधी बाजारात, कधी एसटीच्या रांगेत, कधी नुसतं बसल्या बसल्या. पण माझ्यासमोरच्या स्टुलावर तो बसतो तेव्हा नाडी उत्तम, रक्तदाब उत्तम, ईसीजी निर्दोष. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, कारण ते मोडलेलंच राहतं. येऊन-जाऊन असणारं दुखणं मात्र डॉक्टरच्या दारात आलं की पळून जातं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपला हेच दुखणं लागलं. टाइप करता करता तो मध्येच हँग व्हायचा. बाण हलायचा नाही, कळा दाबून उपयोग नाही. कधी निळा पडदा दाखवून आपोआप बंद व्हायचा. दुकानात नेला की शहाण्या मुलासारखा दिवसभर चालायचा. त्यात सहा वर्षं गोळा केलेल्या क्षयरुग्णांच्या, नावं वगळलेल्या, उपचारनोंदी होत्या आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. रुग्णांना मी रोज शिस्त शिकवते, पण स्वतःच्या कामाची प्रत ठेवायला विसरले होते. मग पहिलं काम तेच केलं. तो चालू असेल तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. रक्तस्राव आधी थांबवायचा, निदान नंतर.

पुढे सल्ल्यांचा पाऊस पडला. दुकानदाराच्या मते विंडोज नव्याने टाकायला हवं होतं, सहकाऱ्याच्या मते रॅम बदलायला हवी होती, आणि भाच्याने तर नव्या लॅपटॉपची लिंकच पाठवली. तिघांपैकी एकानेही तो नेमका कधी बंद पडतो, हे विचारलं नव्हतं. त्याच दिवसांत मी ग्रेस हॉपर यांच्याविषयी वाचत होते. संगणक अधूनमधून का बिघडतो, हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला अगदी सुरुवातीला आला, त्यांपैकी त्या एक.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सुट्टीत सगळं कुटुंब न्यू हॅम्पशायरमधल्या तळ्याकाठच्या घरी जाई. त्या घरात खोलीखोलीत गजराची घड्याळं होती. सात वर्षांच्या ग्रेसने एक घड्याळ उघडलं. आतले भाग उसळून बाहेर आले आणि ते परत कसे बसवायचे ते कळेना. मग ते पाहण्यासाठी तिने दुसरं उघडलं. त्याचंही तेच झालं म्हणून तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत सात घड्याळं उघडली गेली होती. आईने मुलीला घड्याळांपासून तोडलं नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढंच बंधन घातलं. ही गोष्ट मुलीच्या उचापतीची म्हणून सांगितली जाते, पण मला तिच्यात एक पद्धत दिसते. बिघडलेली वस्तू समजून घ्यायची तर तशीच चालणारी वस्तू शेजारी ठेवून पाहावी लागते. सुजलेला गुडघा तपासताना आम्ही आधी चांगला गुडघा हाताने चाचपतो, तो याचसाठी.

वडील विम्याच्या व्यवसायात होते. त्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या कठीण होत गेल्या आणि अखेर दोन्ही पाय कापावे लागले. लाकडी पाय आणि काठ्या यांच्या आधाराने ते कामावर जात राहिले. आपल्यानंतर मुली कुणावर अवलंबून राहू नयेत म्हणून त्यांनी मुलाइतकंच मुलींना शिकवलं. ग्रेस वासर कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन १९२८ मध्ये पदवीधर झाल्या आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट त्यांनी मिळवली. दरम्यान व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं होतं. वासरमध्ये शिकवण्याची नोकरी होती. आयुष्य तिथेच शांतपणे संपलं असतं, पण डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

ग्रेस यांना नौदलात जायचं होतं. वय पस्तिशीला आलेलं, म्हणजे भरतीसाठी जास्त. वजन १०५ पौंड, म्हणजे सुमारे ४८ किलो. उंचीच्या मानाने ते १५ पौंडांनी कमी भरलं. शिवाय गणिताची प्राध्यापक देशाला कॉलेजातच अधिक उपयोगी, असं सरकारचं मत. त्यांनी कॉलेजातून रजा घेतली, वजनाची खास सूट मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये राखीव नौदलात दाखल झाल्या. भरतीच्या वैद्यकीय तपासणीला मीही अनेकदा बसले आहे. तक्त्यातला आकडा पाहून मी किती जणांना परत पाठवलं असेल, हे वाचताना मनात आल्यावाचून राहिलं नाही.

प्रशिक्षणात त्या तुकडीत पहिल्या आल्या. जहाजावर नाही, तर हार्वर्ड विद्यापीठात रुजू होण्याचा हुकूम मिळाला. जुलै १९४४ मध्ये त्या तिथे पोहोचल्या तेव्हा कमांडर हॉवर्ड एकेन यांनी त्यांचं स्वागत उशीर केल्याबद्दल फटकारून केलं आणि एक यंत्र दाखवलं. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन पाच टनांच्या आसपास, आत शेकडो मैल तार आणि साडेसात लाख सुटे भाग. हाच मार्क-१. एका सेकंदात तो तीन बेरजा करी आणि एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद घेई. त्याला आज्ञा द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी फितीतून. एकेन यांनी त्यांना लगेच एक गणित दिलं, उत्तर २३ अंकांपर्यंत अचूक हवं, आणि मुदत आठवड्याची.

या यंत्रासोबत हॉपर जे शिकल्या त्यातलं निम्मं गणित होतं आणि निम्मं बिघाड शोधणं. युद्ध चालू असल्याने यंत्र चोवीस तास चालवावं लागे. फितीत चुकीच्या जागी भोक पडलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवत. आज आपल्या फोनवर जो ‘पॅच’ येतो, त्याचं हे कागदी रूप. पण फीत बरोबर असूनही उत्तर चुके, ते अधिक त्रासाचं. हजारो संपर्कबिंदूंपैकी एखादा झिजलेला, एखाद्यावर धूळ. तो दहादा नीट जुळणार आणि अकराव्यांदा नाही.

त्यामुळे उत्तराची उलट तपासणीही गणितातच गुंफलेली असे. तपासणीचा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की यंत्र आपोआप थांबे. मध्यरात्री थांबलेलं यंत्र पाहून वैताग येई, पण तोफांचे तक्ते चुकीचे छापले जाण्यापेक्षा ते बरं होतं. आपला लॅपटॉप तापून अचानक बंद होतो तेव्हाही असंच घडतं. आतला चिप जळू नये म्हणून तो स्वतःला बंद करतो. क्रॅश हा दरवेळी आजार नसतो, कधी तो आजाराविरुद्धचा बचाव असतो. तापाचंही तसंच आहे, आणि ताप दिसला की आपण आधी ताप उतरवायची गोळी शोधतो.

युद्ध संपलं. पुढचं यंत्र मार्क-२ हार्वर्डमध्येच बांधलं जात होतं. ते नौदलाच्या डॅलग्रेन इथल्या केंद्राकडे जायचं होतं. त्यात हजारो विद्युतचुंबकीय रिले होते. रिले म्हणजे विजेने चालणारं छोटं बटण. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबक होतं, धातूची पट्टी ओढून घेतं आणि पट्टी दुसऱ्या टोकाला टेकली की मंडल पूर्ण होतं. टेकलीच नाही, तर गणित चुकलं.

९ सप्टेंबर १९४७ चं त्या यंत्राच्या नोंदवहीचं पान आजही उपलब्ध आहे. सकाळी आठला काम सुरू झालं. दहाला थांबलं. अकराला कोसाइनची फीत लावली. दुपारी ३.२५ ला बेरजेच्या भागाची चाचणी घेतली. ३.४५ ला पॅनल एफमधल्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग सापडला. दिव्याकडे झेपावणारा साधा पतंग, संपर्कबिंदूंच्या मध्ये अडकून मेलेला. तो चिमट्याने काढून चिकटपट्टीने त्याच पानावर लावला आणि खाली गमतीने लिहिलं की खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच घटना आहे. पाच वाजता काम बंद.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. एक म्हणजे बिघाडाला ‘बग’ हा शब्द या पतंगामुळे मिळाला नाही. थॉमस एडिसन १८७८ मध्येच यंत्रातल्या अडचणींना तो शब्द वापरत होते. तो शब्द आधीपासून रुळलेला होता म्हणून तर तो विनोद झाला. दुसरं म्हणजे पतंग हॉपर यांनी काढला नव्हता. तो यंत्र चालवणाऱ्या गड्यांना सापडला होता. हॉपर पुढे ही गोष्ट भाषणांतून इतक्यांदा आणि इतक्या रंगवून सांगत की लोकांनी ती त्यांच्याच नावावर टाकली. त्या स्वतः साल १९४५ सांगायच्या, तेही खरं नाही.

मला त्या पानावर पतंगापेक्षा घड्याळाच्या वेळा महत्त्वाच्या वाटतात. केव्हा सुरू, केव्हा थांबलं, कोणती फीत, कोणती चाचणी, कोणता पॅनल, कितवा रिले. चाचणी सुरू केल्यापासून वीस मिनिटांत हजारो रिलेंमधला एक हाती लागला. तो नशिबाने नाही लागला. यंत्राचा एकेक भाग वेगळा चालवून पाहायचा आणि पाहिलेलं लगेच लिहायचं, ही सवय होती म्हणून तो सापडला. वॉर्डातल्या तापाच्या तक्त्याचं काम हेच. अचानक धडधड होणाऱ्या रुग्णाच्या छातीला आम्ही चोवीस तासांचं होल्टर यंत्र लावतो, तेही याचसाठी. दुखणं आपल्या वेळेला येणार नसेल, तर आपल्याला त्याच्या वेळेला तिथे हजर राहावं लागतं.

मी लॅपटॉपसाठी शंभर पानी वही घातली. बंद पडला की वेळ, सुरू करून किती मिनिटं झाली, चार्जर लावलेला की नाही, टेबलावर होता की पलंगावर, काय उघडं होतं, आणि खालचा भाग हाताला किती गरम. तीन आठवड्यांत १४ नोंदी झाल्या. त्यांतल्या ११ एकमेकींच्या बहिणी निघाल्या. लॅपटॉप पलंगावर, चार्जर लावलेला, व्हिडिओ मीटिंग चालू आणि अर्धा तास उलटून गेलेला. मग तो दोन जाड पुस्तकांवर उचलून ठेवला. पाच दिवस एकदाही हँग नाही. सहाव्या दिवशी मुद्दाम चादरीवर ठेवला, तासाभरात बंद. औषधाची ॲलर्जी आहे का, हे ठरवायची आमची रीत याहून फार वेगळी नाही, फक्त माणसावर ती इतक्या बिनधास्तपणे वापरता येत नाही. उरलेल्या तीन नोंदी मात्र या साच्यात बसेनात. त्या तिन्ही सकाळच्या, थंड लॅपटॉपच्या, सुरू केल्यावर दहा मिनिटांच्या आतल्या.

हॉपर यांच्या आयुष्यातही सगळं एका साच्यात बसत नव्हतं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. वासरची कायमची नोकरी त्यांनी सोडली होती आणि हार्वर्डमधली नेमणूक १९४९ मध्ये संपली. युद्धातल्या जागरणांच्या काळात सुरू झालेलं दारूचं प्रमाण वाढत गेलं. त्या वर्षी नोव्हेंबरात फिलाडेल्फियात नशेत गोंधळ घातल्याबद्दल पोलिसांनी त्यांना पकडलं. त्या ४२ वर्षांच्या होत्या. चरित्रकारांनी हे लपवलेलं नाही आणि मीही लपवत नाही, कारण असे हुशार, कामात बुडालेले, बाहेरून व्यवस्थित दिसणारे लोक मी दर महिन्याला पाहते. त्यांचे सहकारी सगळं पाहत असतात आणि बोलायचं टाळतात. एडमंड बर्कली या मित्राने टाळलं नाही. त्यांनी हॉपर यांना स्पष्ट शब्दांत पत्र लिहिलं. दारू हा स्वभावदोष मानून गप्प राहणारे मित्र रुग्णाला जास्त नडतात, हे माझं अनुभवाचं मत आहे. हॉपर त्या काळातून बाहेर आल्या आणि त्यांच्या हातून सगळ्यात मोठं काम त्यानंतर घडलं.

१९४९ मध्येच त्या एकर्ट आणि मॉक्ली यांच्या कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा संगणक तयार होत होता. तिथेही चुका होत्याच, पण हॉपर यांच्या लक्षात आलं की आता बऱ्याच चुका यंत्राच्या नसून नकलेच्या आहेत. नेहमी लागणारी गणितं प्रत्येकाच्या वहीत लिहिलेली असत आणि गरज पडली की एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत उतरवली जात. उतरवताना चार आकड्यांतला एक बदले, रिकामी जागा सोडायची राहून जाई. केसपेपरवरून नर्सच्या तक्त्यात आणि तिथून औषधाच्या दुकानात जाताना डोसचा दशांशचिन्ह कसा सरकतो, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

नेहमीचा इलाज म्हणजे माणसाला अधिक सावध राहायला सांगणं. हॉपर यांनी नक्कल करण्याचं कामच माणसाकडून काढून घेतलं. तपासलेली गणितं एकदाच यंत्राच्या फितीवर साठवायची, त्यांना क्रमांक द्यायचे, माणसाने फक्त क्रमांक सांगायचे आणि जोडणी संगणकाने करायची. १९५२ मध्ये हा ए-० नावाचा कंपायलर चालला. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, असं समजणाऱ्यांना ते पटायला बराच वेळ लागला. पुढे त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येतील अशी फ्लो-मॅटिक भाषा केली. १९५९ मध्ये ठरलेली कोबोल मोठ्या प्रमाणात तिच्यावरच उभी राहिली. हॉपर यांना कोबोलची आई म्हणतात. खरं तर कोबोल एका समितीने रचली आणि त्या सल्लागार होत्या. आजी म्हणणं अधिक बरोबर ठरेल. जगातल्या अनेक बँकांचे व्यवहार अजून या भाषेवर चालतात.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना वयामुळे निवृत्त केलं. सात महिन्यांनी परत बोलावलं, तेही फक्त सहा महिन्यांसाठी. ते सहा महिने १९ वर्षं चालले. तक्रार अशी होती की एकच कोबोल प्रोग्रॅम एका कंपनीच्या यंत्रावर चाले आणि दुसऱ्याच्या यंत्रावर अडकून पडे. हॉपर यांच्या गटाने चाचणी-प्रोग्रॅमचा संच तयार केला. प्रत्येक कंपनीच्या कंपायलरने तो सोडवून दाखवायचा. दोष कुठे आहे यावर वाद न घालता, तो दिसेल अशी परीक्षा तयार करायची, हे पुन्हा मार्क-२ च्याच धड्यातलं. त्यांच्या कार्यालयात उलट्या दिशेने फिरणारं एक घड्याळ होतं. पाहुणे आधी गोंधळत आणि मग त्यावर वेळ वाचायला शिकत. गोष्टी नेहमीच्याच पद्धतीने व्हायला हव्यात असं नाही, हे त्यांना भाषण न देता दाखवायचं असे.

व्याख्यानांत त्या तारेचे सुमारे ३० सेंटिमीटरचे तुकडे वाटत. वीज एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, जास्तीत जास्त तेवढंच अंतर कापू शकते. संगणक वेगवान करायचा तर त्याचे भाग जवळ आणावे लागतात, हे हातातल्या तारेकडे पाहून शाळकरी मुलालाही कळे. त्याची दुसरी बाजू आपण मांडीवर अनुभवतो. भाग जितके जवळ, तितकी उष्णता थोड्या जागेत, आणि ती बाहेर फेकायला एक इवलासा पंखा.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनच्या धक्क्यावर, कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक युद्धनौकेवर, रिअर ॲडमिरल हॉपर निवृत्त झाल्या. वय ७९. त्यानंतरही एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. पतंग चिकटवलेलं ते पान आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

माझी वही घेऊन मी पुन्हा दुकानात गेले. या वेळी मुलाने पाठ उघडली. पंख्याच्या तोंडाशी धुळीची घोंगडीच बसली होती. ती काढली, चिपवरची सुकलेली पेस्ट बदलली. अकरा नोंदींचा निकाल लागला. उरलेल्या तीन नोंदींसाठी त्याला रात्रभर मेमरीची तपासणी चालू ठेवायला सांगितलं, आणि सकाळी पडद्यावर चुका दिसल्या. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक काढून पाहिल्यावर दोष एकीकडे गेला. नवी घ्यायच्या आधी त्याने तिचे सोनेरी संपर्कबिंदू शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने पुसले आणि ती दाबून पुन्हा बसवली. दुसऱ्या रात्रीच्या तपासणीत एकही चूक नाही. एका रुग्णाला एकाच वेळी दोन आजार असू शकतात, हे मी विद्यार्थ्यांना सांगते, पण लॅपटॉपच्या बाबतीत मलाच सुचलं नव्हतं. त्या गोष्टीला आता पाच महिने झाले. वहीत पुढे नोंद नाही. ती वही सध्या निवासी डॉक्टरांच्या खोलीतल्या प्रिंटरशेजारी लटकवली आहे. तो फक्त सोमवारी सकाळी कागद अडकवतो, असं सगळ्यांचं म्हणणं आहे.